काम सोनं, तारखा माती: बेतीला बोटीच्या पाण्याच्या टाक्या करून घेतल्या त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, वर्कशॉपचं नाव लिहीत नाहीये. मालकाने स्वतःच सांगितलंय की नेटवर नाव टाकू नका, आहे तेवढंच काम उरकत नाही, आणि खाली थोड्या तक्रारीपण आहेत त्यामुळे तसंही बरं. पणजीच्या पलीकडे बेती ते मालीम जेटी हा पट्टा, तिथे ट्रॉलरवाल्या कुणालाही "आर्गनवाला मिस्त्री" (आर्गन वायू सोडून स्टेनलेस वेल्ड करतो म्हणून) विचारा, हात करून दाखवतात.

पाचपैकी साडेतीन स्टार. वेल्डिंगला पाच, वेळ पाळण्याला एक, बाकी सगळं मध्ये कुठेतरी.

माझी बोट ३० फुटी, फायबरची, शिडाची, ऐंशीच्या दशकातली, सेकंडहँड घेतलेली. गेल्या पावसाळ्यात वर काढून रिफिट करायचं ठरवलं होतं, यादीत इंजिन, वायरिंग, गळणाऱ्या खिडक्या असं बरंच काही होतं पण टाकी नव्हती. ती स्वतःहून यादीत येऊन बसली. झालं असं की भर मे महिना, पावसाचा थेंब नाही, आणि बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, दर दोन तासांनी आपोआप चालू. मला वाटलं प्रोपेलरच्या शाफ्टकडून पाणी येतंय, म्हणून दोन रविवार स्टफिंग बॉक्स (शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग) आवळण्यात घालवले. फरक शून्य. शेवटी तळातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं (हो, माहितीय, घाण आहे, बायकोने यावर जे ऐकवायचं ते ऐकवून झालंय) तर गोडं! खारं अजिबात नाही. म्हणजे समुद्र आत येत नव्हता, आमचंच प्यायचं पाणी खाली चाललं होतं.

टाकी एकच होती, २१० लिटरची, स्टीलची, सलूनच्या म्हणजे बोटीतल्या बसायच्या खोलीच्या बाकाखाली. आणि बोट बांधणाऱ्याने काय केलेलं, आधी टाकी ठेवली आणि मग तिच्याभोवती बाक, कपाट, पार्टिशन सगळं फायबरने चिकटवून टाकलं. बाटलीत वाढलेली काकडी बघितलीय ना कधी, तसं. बाहेर काढायची तर एकतर अर्धी केबिन फोडा नाहीतर टाकीचे तुकडे करा. मी तुकडे केले. ग्राइंडर आत वापरायचा नाही हे मात्र कोणीही करणार असेल तर लक्षात ठेवा, ठिणग्या उडतात, आग लागायची भीती वेगळी आणि लोखंडाचे बारीक कण कुठेकुठे जाऊन बसतात ते पुढे दोन महिने गंजाचे डाग बनून वर येतात. मी लांब पात्याची मशीनची करवत भाड्याने आणली, तीन दिवस लागले, कानात बोळे घालून पण डोकं दुखायचं राहिलं नाही.

पण तुकडे बघून जे कळलं ते महत्त्वाचं. तळाचा चिखल सोडला तर टाकी आतून चकचकीत! एवढ्या वर्षांनी. भोकं सगळी तळाला, वेल्डिंगच्या रेषेला चिकटून, सुईच्या टोकाएवढी, आणि ती पडलेली बाहेरून आत. कारण टाकी सरळ प्लायवूडवर ठेवलेली, प्लाय वर्षानुवर्षं ओला, त्यात खारं पाणी जिरलेलं. स्टेनलेस स्टील न गंजण्यामागे त्याच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो थर टिकायला हवा लागते. ओल्या लाकडाखाली दबलेल्या जागी हवा नाही, मीठ भरपूर, मग तिथे तो थर तुटतो आणि टोचल्यासारखी भोकं पडतात. स्टेनलेस म्हणजे कायमचं स्टेनलेस असं आपण समजतो, तसं नसतं.

मग नवीन कशाची करायची यावर ढीगभर सल्ले. यार्डातला फायबरवाला म्हणाला फायबरचीच करू, ट्रॉलरवर चालते की. चालते, पण रेझिन नीट पक्कं झालं नाही तर स्टायरिनचा वास पाण्याला कितीतरी दिवस येत राहतो, ट्रॉलरवाले ते पाणी भांडी-अंघोळीला वापरतील, मला चहाला पाहिजे. एकाने अॅल्युमिनियम सुचवलं, हलकं म्हणून. आपल्या नळाला क्लोरिनचं पाणी, त्यात कुठेतरी पितळी जोड आलाच की अॅल्युमिनियमला खड्डे पडायला लागतात. प्लास्टिकची, म्हणजे सिंटेक्सच्या जातीची, खरं तर सगळ्यात निवांत पर्याय, गंजायचा प्रश्नच नाही, पण ती रेडिमेड मापातच मिळते आणि माझ्या बाकाखालची जागा एका बाजूने तिरकी, त्यात चौकोनी ड्रम ठेवला की अर्धी जागा वाया. शिवाय भरल्यावर फुगते, तिला चारही बाजूंनी आधार लागतो. त्यामुळे फिरून स्टील. पण ३१६ एल ग्रेडचं, ३०४ नाही. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठाला तेच तोंड देतं, आणि एल म्हणजे कार्बन कमी, वेल्डिंगच्या कडेला गंज धरत नाही. ३०४ स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांना ठीक, समुद्रावर चालणार नाही.

इथपर्यंत आलो तेव्हा एक मित्र म्हणाला मुंबईहून करून आण. मी म्हटलं अरे, म्हादेई आणि तारिणी या नौदलाच्या शिडाच्या बोटी दोन्ही इथे दिवाडीला बांधल्या, तारिणीवरून नौदलाच्या सहा बायका २०१७-१८ मध्ये जगाला फेरी मारून परत गोव्यात आल्या, आणि माझ्या दोन टाक्यांना मुंबई कशाला? तर असा मी बेतीच्या मिस्त्रीकडे गेलो.

पहिली भेट एकदम भारी. पत्र्याची शेड, बाहेर ट्रॉलरचे विंच पडलेले, आत तीन वेल्डिंग मशीन. मिस्त्री पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. माझा पुठ्ठ्याचा फरमा हातात घेतला, दोनदा फिरवला आणि म्हणाला हा फेकून दे, प्लायचा करून आण, पुठ्ठा ओला झाला की माप बदलतं. बरोबर होतं त्याचं. दुसऱ्या दिवशी ४ एमएम प्लायचा फरमा नेला तर म्हणाला आता चारी बाजूंनी एक सेंटिमीटर कमी कर, टाकी फरम्याएवढी केली तर खाली पट्टी कुठे घालणार, वर पाइप कुठून काढणार? हे मला सुचलंच नव्हतं. एकाऐवजी दोन टाक्या करायच्या हेही त्याचंच, बाकाच्या फळीला भोक पाडून ज्या आत जातील आणि पुढच्या वेळी न कापता बाहेर येतील अशा, साधारण ७० बाय ५० बाय २५ सेंमी. २१० लिटरचे १७५ लिटरच झाले पण एक खराब झाली तर दुसरी आहे, आणि मध्ये व्हॉल्व्ह असल्यामुळे बोट कलली तरी सगळं पाणी एका बाजूला धावत नाही. २ एमएम पत्रा, आर्गन वेल्डिंग, टेस्टिंग धरून दोन्हींचे ५२ हजार. तारीख दिली पंधरा दिवसांनंतरची.

ही जूनची सुरुवात. आता इथे माझी चूक कबूल करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे सगळे ट्रॉलर त्याच दोन महिन्यांत दुरुस्तीला येतात, आणि १ ऑगस्टला त्यांना पाण्यात जायचंच असतं, त्यांचं पोट आहे त्यावर. माझी हौस त्यांच्यापुढे कुठे लागणार? हे मला कळायला पाहिजे होतं. पण मिस्त्रीनेही पहिल्याच दिवशी सांगायचं ना सरळ, की पात्रांव (म्हणजे शेठ), ऑगस्टशिवाय होणार नाही! ते नाही. दर वेळी गेलो की "फाल्यां जातलें". माझी बायको फोंड्याची, ती म्हणते तुला बारा वर्षांत कोंकणी येत नाही ती यामुळेच, फाल्यां म्हणजे उद्या हे डिक्शनरीत, मिस्त्रीच्या तोंडी फाल्यां म्हणजे "आज नाही" एवढंच. मी जून-जुलैमध्ये सात फेऱ्या मारल्या, पर्वरीहून, पावसात, स्कूटरवर. फोन उचलत नाही हा अजून एक मुद्दा. व्हॉट्सॅपवर निळ्या टिका येतात, उत्तर नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात काम खरंच सुरू झालं आणि मग मात्र मी तिथे जवळजवळ रोज जाऊन बसलो, कारण बघण्यासारखं होतं. वेल्डिंग करणारा पोरगा ओडिशाचा, विशी-बाविशीचा असेल, हात काय आहे त्याचा! टाकीच्या आतल्या बाजूलाही आर्गन सोडतात हे मी पहिल्यांदा बघितलं, नाहीतर वेल्डच्या मागच्या बाजूला काळी खरखरीत साखर जमते आणि गंज तिथूनच सुरू होतो. बाहेरची रेष तर अशी की नाण्यांची चवड आडवी पाडून ठेवलीय असं वाटावं. नंतर पिकलिंग पेस्ट लावून वेल्डच्या कडेचा निळा-तपकिरी रंग घालवला. ती पेस्ट फार वाईट असते, नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अॅसिड, आणि पोरगा साध्या हातमोज्यांत काम करत होता. मी मिस्त्रीला बोललो, त्याने खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी मीच म्हापशाहून जाड रबरी मोजे आणि डोळ्यांचा गॉगल नेऊन दिला. याचा अर्धा स्टार मी कापलाय, वेल्डिंगचा नाही, मालकाचा.

झाकणांवरून वाद झाला. टाकीत मध्ये आडवी पट्टी असते, पाणी हिंदकळू नये म्हणून, तिचे कोपरे कापलेले असतात म्हणजे पाणी-हवा इकडून तिकडे जाते. मिस्त्रीचं म्हणणं एक झाकण बास. मी म्हटलं एका झाकणातून हात घातला तर पट्टीच्या पलीकडे पोचणार कसा, साफ कशी करणार? तो म्हणाला साफ कोण करतो. जुन्या टाकीच्या तुकड्यावर तळाला बोटभर चिखल होता त्याचा फोटो दाखवला तेव्हा गप्प झाला. प्रत्येक टाकीला दोन झाकणं झाली, त्याचे साडेसहा हजार जास्तीचे घेतले, ते ठीक आहे.

आता ३१६ चं. पत्रा बघून ३०४ की ३१६ कोणालाही सांगता येत नाही, लोहचुंबकानेही नाही, दोन्हीला जवळजवळ चिकटत नाही. वेर्णाच्या फॅक्टरीत काम करणाऱ्या मित्राकडून मॉलिब्डेनम तपासायचं थेंबांचं किट आणलं, थेंब टाकून छोट्या बॅटरीचा करंट द्यायचा, ३१६ असेल तर रंग बदलतो. पत्रा पास. झाकणाची रिंग पास. पाइप जोडायची निपलं, सहाच्या सहा, नापास! मिस्त्रीला दाखवलं तर आधी म्हणाला तुझं औषध जुनं असेल. मग स्वतः पत्र्यावर एक थेंब टाकून बघितला, निपलवर टाकून बघितला, आणि काही न बोलता निपलं कापायला सांगितली. दुकानदाराने ३१६ म्हणून विकली होती, असं त्याचं म्हणणं, मला ते खरं वाटतं. पैसे घेतले नाहीत त्याचे. असा माणूस मला आवडतो, पण थेंब मी नेले नसते तर?

आणि मग तो फुग्याचा किस्सा. टाकी टेस्ट करायची पद्धत अशी की सगळी तोंडं बंद करून आत थोडी हवा भरायची आणि वेल्डवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. थोडी म्हणजे थोडीच, ३ पीएसआयच्या आत (टायरच्या हवेचा दाब मोजतात तेच माप). मिस्त्री जेवायला गेलेला, आणि दुसऱ्या एका हेल्परने टायरला लावतात तो कॉम्प्रेसर जोडून सोडला कॉक. ढुप्प! टाकीची वरची बाजू पुरीसारखी टम्म. मी ओरडलो तेव्हा बंद केलं. लोकांना ३ पीएसआय काहीच वाटत नाही, टायरमध्ये ३० असतात म्हणे, पण टायर गोल आहे, टाकी सपाट आहे. ७० बाय ५० च्या वरच्या पत्र्यावर ३ पीएसआय म्हणजे सातशे किलोच्या वर वजन होतं, म्हणजे एक म्हैस आणि वर तिचं वासरू. मिस्त्री हात पुसत आला, टाकी बघितली, त्या हेल्परला जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही, आणि वरचा पत्रा कापून नवीन लावून दिला. यात अजून आठवडा गेला. दुसऱ्यांदा टेस्ट माझ्या पद्धतीने केली, टाकी पाण्याने भरून एका निपलला पारदर्शक पाइप उभा बांधला, दीड मीटर उंच, तो पाण्याने भरला आणि रात्रभर ठेवला. पाण्याची दीड मीटरची उंची म्हणजे साधारण २ पीएसआय, फुटायची भीती नाही, आणि सकाळी पाइपातली पातळी जागची हलली नसेल तर टाकी पास. हलली नव्हती.

मग चतुर्थी. त्याबद्दल काही म्हणायचंच नाही, गोव्यात चतुर्थीत काम मागणाऱ्यालाच दोष. टाक्या हातात आल्या सप्टेंबरच्या शेवटी. पंधरा दिवसांचे जवळजवळ चार महिने.

बसवून देत नाहीत, हे आधी विचारून घ्या. मला वाटलं होतं टाकी म्हणजे बसवून. नाही, शेडच्या दारात देतात, पुढे तुमचं तुम्ही. रिकामी टाकी २३-२४ किलोची, दोघांनी सहज उचलली, पण भरली की ११० च्या घरात जाते आणि समुद्रात उसळायला लागली तर बाक फोडून बाहेर येईल, त्यामुळे बांधणं हे बनवण्याइतकंच काम आहे. खाली प्लायवर सरळ ठेवायची चूक परत करायची नव्हती. म्हापशाच्या बाजारातून भाजी कापायचे पांढरे प्लास्टिकचे जाड पाट आणले, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि टाकी त्यांच्यावर ठेवली, खालून हवा खेळते, पाणी साचत नाही. बायकोला वाटलं घरासाठी आणलेत, त्यावरून वेगळं महाभारत. पाइप पारदर्शक घेऊ नका, त्यात हिरवं शेवाळ येतं, पांढरा अपारदर्शक फूड ग्रेडचाच घ्या. टाकीच्या हवेचा पाइप बोटीच्या बाहेरच्या अंगाला काढायचा नाही, बोट कलली की त्यातून खारं पाणी टाकीत, मी तो आत सिंकच्या मागे उंच नेऊन उलटा वळवलाय.

पहिलं पाणी भरलं आणि त्यात ब्लीच घातलं, १०० लिटरला ५ टक्क्यांचं साधारण १०० मिली, चार तास ठेवून सगळे नळ सोडून ओतून टाकलं आणि तीनदा धुतलं. रात्रभर ठेवा असं काही जण सांगतात, स्टीलच्या टाकीत ते करू नका, एवढं क्लोरिन स्टीलला चावतं. तेलाचा थोडा वास पहिल्या दोन भरण्यांना आला, मग गेला. ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात गेली, अख्खा सीझन झाला, एकदा काणकोणपर्यंत जाऊन आलो, वाटेत दक्षिणेला थोडी लाट होती तेव्हा बाकाखालून कुई की चुई नाही. बिल्ज कोरडं. इतकं कोरडं की मी अधूनमधून पंपाचा फ्लोट हाताने उचलून बघतो चालतोय ना. परवा चारही झाकणं उघडून टॉर्च मारला, आत वेल्डची रेष जशीच्या तशी, एका झाकणाचं रबर थोडं दबलंय एवढंच.

कोणी जाणार असेल तर ट्रॉलर पाण्यात गेल्यावर आणि चतुर्थीच्या आधी जा, किंवा सरळ नोव्हेंबरात. दुपारी एक ते साडेतीन शेड बंद. फरमा प्लायचा, थेंबांचं किट स्वतःचं, निपलांची मापं कागदावर लिहून द्या आणि त्या कागदावर त्याची सही घ्या, तोंडी सांगितलेलं पाऊण इंची अर्धा इंची होतं. अर्धे पैसे आधी घेतात, यूपीआय चालतं, जीएसटीचं बिल मागितलं तर देतात. चारचाकी लावायला जागा नाही, जेटीजवळ लावून चालत या, आणि गेटच्या आत तपकिरी कुत्रं आहे ते मोकळं असतं, भुंकतं फक्त.